गल्लीभर फिरलेली डाळ

“मी काय मनानं लिहिलं का गं? ह्या डोळ्यांनी बघितलं, ह्या हातांनी काट्यावर ठेवलं. तुझ्या घरात डाळ होती, तेल होतं, चार अंडी होती. आता होती त्याला नव्हती कसं लिहू?”

“होती म्हणून लिहिलंस. पण कुणाची होती ते विचारलंस का?” इस्त्रीवालीनं निखाऱ्याची इस्त्री खाडकन उभी केली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले.

“तुझ्या फळीवर होती म्हणजे तुझीच की! का शेजारणीची डाळ तुझ्याकडं पाहुणी म्हणून आली होती?”

“हो,” इस्त्रीवाली म्हणाली. “पाहुणीच आली होती.”

काटेमावशीनं पदर खोचला. पायरीवर बसून कांदे निवडणारी गवंड्याची बायको खाली मान घालून हसू दाबत होती, ते दबेना. नाकातून फुस्सकन बाहेर आलं.

“हसतेस काय गं भवाने?”

“हसू नको तर काय करू, मावशी? डाळ एकच होती. तेलाची बाटली पण एकच. अंडी पण तीच चार. तुम्ही माझ्या पुढच्या दारानं बाहेर पडलात की माझ्याकडची डाळ मागच्या दारानं हिच्याकडं निघायची. हिच्याकडनं पुढं चांभाराकडं, तिथनं सुताराकडं. एकदा तुम्ही भराभर उठलात, तेव्हा तर माझी थोरली डाळीचा डबा घेऊन तुमच्या समोरूनच गेली. तुम्ही बाजूला सरून तिला वाट दिलीत. वर म्हणालात, ‘सांभाळून जा गं, सांडशील.’”

आता हसावं की कपाळ बडवून घ्यावं, हे काटेमावशीला कळेना. कारण गल्लीच्या टोकाला सकाळीच कागद चिकटवला होता आणि तो वाचून ती धावत इकडं आली होती. टोकाच्या पत्र्याच्या खोलीत पोरांसाठी दुपारी मोठं पातेलं चढायचं. भात, घट्ट डाळ, भाजी, आठवड्यातून दोनदा अंडं. सगळी गल्ली त्याला नुसतं ‘पातेलं’ म्हणायची. ते पातेलं महिनाअखेरीस उचलून दुसऱ्या वस्तीत जाणार होतं. कागदावर कारण साफ लिहिलं होतं: आहार-पाहणीनुसार या गल्लीतल्या घरांत खाणं पुरेसं आहे.

आणि ती पाहणी केली होती काटेमावशीनं.

“अगं बायांनो,” ती मटकन पायरीवर बसली, “स्वतःच्या पोरांच्या ताटावर स्वतःच नांगर फिरवलात की!”

“आम्हाला काय माहीत तू त्यासाठी मोजतेस?” इस्त्रीवाली उसळली. “परक्या बाईला घरातलं रिकामं मडकं कोण दाखवतं? आणि तू तरी आदल्या दिवशी येऊन ‘उद्या येते गं’ म्हणून कशाला सांगितलंस?”

काटेमावशीनं पिशवीचा पट्टा खांद्यावर वर ओढला.

बाई कशी म्हणाल, तर अंगानं भरलेली, आवाजानं फाटकी आणि चालायला लागली की मागच्याला पळायला लावणारी. खरं नाव कचेरीच्या हजेरीत असेल तेवढंच. खांद्याला अडकवलेल्या पिशवीत वजनाचा काटा, मापाच्या वाट्या, पळ्या, एक पाण्याचं माप आणि दुपारचा डबा. ह्या काट्यावरनंच तिचं काटेमावशी झालं. वाटेत पोरं भेटली की ओरडायची, “मावशी, माझं डोकं मोज!” आणि ती म्हणायची, “मोजलं रे, नुसतं शेण भरलंय.”

काम ऐकायला सोपं. कोणत्या घरात माणसं रोज काय आणि किती खातात ते काढायचं. पण माणूस पोटाबद्दल खरं बोलेल तर शपथ. ज्याच्याकडं आहे तो कमी सांगतो, ज्याच्याकडं नाही तो जास्त सांगतो, आणि जी रांधते तिला विचाराल तर ती म्हणते, “मी ना? मी काय, असंच थोडंसं.” त्या ‘थोडंसं’ला वजन नसतं. म्हणून नुसतं विचारायचं नाही, मोजायचं. चुलीवर चढण्याआधी कच्चं मोजायचं, शिजून उतरलं की शिजलेलं मोजायचं, आणि सगळ्यांची जेवणं झाली की उरलेलं, सांडलेलं, कुत्र्याला घातलेलं वजा करायचं. मधे घरातल्या बाईचं पातेलं उतरेपर्यंत तिथंच ठाण मांडून बसायचं.

ते ठाण मांडून बसणंच ह्या गल्लीत राहून गेलं होतं. घरं जास्त, मावशी एक. तिनं सकाळी सगळीकडचं कच्चं मोजून टाकलं आणि संध्याकाळी फेरी मारून विचारलं, “उरलं का काही?” सगळीकडून एकच जबाब: “नाही हो, सगळं संपलं.” संपलं होतंच. फक्त प्रत्येक घरचं वेगळं नाही, एकाच घरचं सगळ्यांनी मिळून.

आदल्या दिवशी सांगायची खोड मात्र तिची स्वतःची. तिला तो आपला चांगुलपणा वाटायचा. कुणाच्या घरात आगंतुक शिरायचं आणि थेट मडक्यात डोकवायचं, हे तिच्या वळणात बसत नव्हतं. आईनं शिकवलेलं, दाराबाहेरून खाकरावं मग आत जावं. ती तर आदल्या दिवसापासून खाकरत होती. एवढं खाकरल्यावर कुठली बाई बेसावध राहील?

“साहेबाकडं जाते,” ती उठली.

“जा. नाही तर साहेबालाच घेऊन ये, त्याला पण डाळ दाखवतो,” इस्त्रीवाली मागनं म्हणाली.

कचेरीतला साहेब तसा बरा माणूस होता. डोक्यावर चार केस, टेबलावर चार ढीग, आणि चहा नेहमी गार झालेला. काटेमावशीनं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. डाळ कशी फिरली, बाटली कशी फिरली, तिनं स्वतः कशी वाट दिली. साहेबानं ऐकता ऐकता त्या गल्लीचे आकडे पुढं ओढले, बोट फिरवलं आणि एका ठिकाणी थांबला.

“मावशी, ही अंडी बघा.”

“बघितली की. चार.”

“चार नव्हे हो, वजन बघा. ह्या घरात जेवढं, तेवढंच त्या घरात, तेवढंच पुढच्या घरात. ग्रॅमला ग्रॅम. कोंबड्यांनी काय साच्यात घालून काढलीत?” तो हसायला लागला, मग एकदम गप्प झाला. “हे माझ्या टेबलावरून गेलं. मी बेरीज तपासली, अंडी नाही बघितली. तुमचं अर्धं, माझं अर्धं.”

“वाटणी मागाहून करू, साहेब. पातेल्याचं काय?”

पातेल्याचं ठरवणाऱ्या समितीची बैठक महिना संपायच्या आत होती. पुन्हा मोजणी चालेल, साहेब म्हणाला, पण ह्या वेळी कुणाला सांगायचं नाही. चूल पेटल्यापासून शेवटचं ताट धुऊन ठेवेपर्यंत बसायचं. आणि नुसतं घराचं मोजून त्याला माणसांच्या संख्येनं भागायचं नाही, प्रत्येकाचं ताट वेगळं मोजायचं. “आणि समिती विचारेल, पहिली मोजणी खोटी तर दुसरी खरी कशावरून? तेव्हा पडताळणी होणार, बाहेरचा माणूस येणार. एक घर जरी लटकलं ना, तर पातेलं गेलंच म्हणून समजा.”

काटेमावशी तशीच उलट्या पावली गल्लीत आली. सगळ्या बायका इस्त्रीवालीच्या दारात गोळा झाल्या होत्या. तिनं सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं. गवंड्याची बायकोसुद्धा हसली नाही.

“म्हणजे कधीही येणार,” चांभारीण म्हणाली.

“कधीही.”

“आणि सगळ्यांची ताटं बघणार. नवऱ्याचं, पोरांचं, आपलं.”

“बघणार नाही, मोजणार.”

“नको बाई. डाळ फिरवली ती काय हौस म्हणून? आमच्या घरात काय शिजतं ते माझ्या माहेरीसुद्धा माहीत नाही.”

इस्त्रीवाली इतका वेळ एका सदऱ्याची बाही दाबत होती. ह्या गल्लीत तिचा शब्द पडला की बाकीच्यांचा त्यामागं पडायचा. तिनं बाही उलटली आणि मान वर न करता म्हणाली, “मावशी, दुसऱ्याचं झाकण उचलायला काही लागत नाही. आधी तुझं उचल.”

“माझं?”

“तुझं. तुझ्या घरी आम्ही येणार, न सांगता. तुझा काटा, आमचे हात. तुझं ताट आम्ही मोजणार. मग बघू.”

काटेमावशी छाती पुढं काढून म्हणाली, “ये की! माझ्या घरात काय लपवायचंय?”

बोलून तर गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तांदूळ काढताना तिचा हात डब्यात एक मूठ जास्त गेला. तिनं तो मागं घेतला. कांदे एकाच्या जागी दोन घेतले, एक परत ठेवला. तेलाची धार सोडताना मनात आलं, आजच आल्या तर? आणि धार जरा लांबली. तिची तिलाच शरम वाटली. दुसऱ्यांच्या घरात बसून मोजताना ही खाज तिला कधी कळलीच नव्हती. त्या दिवशी कुणी आलं नाही, पण तिला गल्लीतल्या प्रत्येक बाईचा हात आपल्या हातात आल्यासारखं झालं.

सासूबाईंना मात्र ही सगळी थेरं वाटली. “लोकाच्या घरात नाक खुपसतेस तेवढं पुरे नव्हतं? आता लोकं आमच्यात खुपसणार? ह्या घराची काही इभ्रत?”

“आई, काही करू नका. जे आहे ते राहू दे.”

“मी काय करतेय? मी म्हातारी,” सासूबाई म्हणाल्या, आणि दाराकडं डोळा लावून बसल्या.

बायका आल्या त्या नेमक्या काटेमावशी न्हाणीघरात असताना. ओल्या केसांवर फडकं गुंडाळून ती बाहेर आली तर इस्त्रीवाली चुलीसमोर मांडी घालून बसलेली, काटा मांडीशी, आणि गवंड्याची बायको एकेक डब्याचं झाकण उघडून नाक घालतेय. दुसऱ्याचं घर मोजायला मिळालं की माणसाला काय आनंद होतो, ते त्या दोघींच्या तोंडावर दिसत होतं.

“तांदूळ झाले. डाळ झाली. आता हे,” इस्त्रीवालीनं कोपऱ्यातलं भांडं ओढलं. “आजी, हे दूध कुणाचं?”

“कुणाचं म्हणजे? आमचंच,” सासूबाईंनी तोंड फिरवलं.

“रोज येतं?”

“रोज येतं.”

“मग हे तापलेलं कसं? तुमची चूल तर अजून पेटायचीय.”

शेजारणीकडं गेलेल्या सासूबाई तिचं तापलेलं दूध घेऊन मागच्या दारानं कधी आत आल्या होत्या ते काटेमावशीला कळलंसुद्धा नव्हतं.

“आई!”

“मग काय करू? चार बाया बघायला येणार आणि घरात दुधाचा थेंब नाही म्हणून सांगू?”

गवंड्याची बायको भिंतीला टेकून हसत सुटली. इस्त्रीवाली हसली. काटेमावशीनं डोक्याला हात लावला आणि तीही हसायला लागली, ते ओलं फडकं सुटून खाली पडेपर्यंत. “आजी,” इस्त्रीवाली डोळे पुसत म्हणाली, “तुम्ही आमच्या गल्लीतल्याच. तिकडं राहायला या. तुमच्यासारखी हुशार बाई आमच्यात असती तर डाळीबरोबर दूधपण फिरवलं असतं.” सासूबाईंना ही स्तुती आहे की टोमणा, ते ठरवता आलं नाही. त्यांनी दूध तेवढं परत धाडलं.

मग स्वयंपाक झाला. मावशीचा नवरा जेवून टेम्पोवर गेला, त्याचं ताट मोजलं. मुलं जेवली, सासूबाई जेवल्या, त्यांची मोजली. बायका उठायच्या बेतात होत्या. काटेमावशीनं पातेलं तिरकं केलं, उभ्या उभ्या दोन घास तोंडात टाकले आणि पिशवी उचलली.

“थांब,” इस्त्रीवाली म्हणाली. “ताटात वाढ.”

“अगं माझं काय, मी असंच थोडंसं…”

“ताटात वाढ म्हणते ना!”

वाढलं. पातेल्याच्या कडेची खरवड, डाळीचा तळ, कालच्या पावाचा तुकडा. इस्त्रीवालीनं काटा स्थिर होईपर्यंत वाट बघितली. नवऱ्याच्या ताटाच्या निम्मंही भरलं नाही. सासूबाईंपेक्षाही कमी, आणि सासूबाई तर दिवसभर बसून असायच्या. ही मात्र उन्हातान्हात गल्ल्या पालथ्या घालायची.

काटेमावशी काट्याकडं बघत राहिली. दुसऱ्यांच्या घरातला ‘थोडंसं’ हा शब्द तिनं कधी सोडला नव्हता, प्रत्येकीला खोदून खोदून विचारलं होतं. स्वतःच्या घरातला तोच शब्द इतकी वर्षं तिच्या तोंडात बसला होता.

“आता माझ्याकडं काय बघताय?” सासूबाई कुणी काही न बोलताच कडाडल्या. “मी काय तिचा घास अडवलाय? उद्यापासून माझ्यासमोर बसून जेवायचं आणि मग जायचं. रस्त्यात चक्कर येऊन पडलीस तर उचलून आणायला माझ्या अंगात जोर नाही.”

इस्त्रीवाली उठली, गुडघे झटकले. “बरं. ये मग आमच्याकडं.”

“कधी येऊ?”

“बघा! परत विचारते! सांगितलं की डाळ फिरली म्हणून समज.”

त्यानंतर काटेमावशी त्या गल्लीत रोज गेली आणि रोज वेगळ्या दारात. कुठल्या दारात ते ती स्वतः गल्लीच्या तोंडाशी आल्यावर ठरवायची. आता ती पायरीवर नाही, चुलीपाशी बसायची. धुरानं डोळे चुरचुरायचे, पाय आखडायचे, पण उठायची नाही. पहिल्या एक-दोन घरांत बायका दाराकडं बघत झाकणं उचलायच्या, पुढं जिभा सुटल्या. गवंड्याच्या बायकोनं पातेलं पुढं सरकवलं. त्यात डाळीत पाणी नव्हतं, पाण्यात डाळ होती. “मावशी, पाणीपण मोजा हो,” ती म्हणाली, “आमच्यात तेवढंच भरपूर आहे.” चांभारणीच्या घरी तिन्ही वेळा पेजच होती, सकाळी घट्ट, दुपारी सैल, संध्याकाळी तीच पण कांदा लावून. “नाव वेगळं ठेवलं की जेवण वेगळं होतं,” चांभारीण म्हणाली.

दुपारी ती टोकाच्या खोलीत जाऊन पोरांचं पातेलंही मोजायची. एकेका पोराच्या ताटलीत पडणारी पळी, अंड्याच्या दिवशी अंडं. बेरीज करायला लागली आणि चित्र डोळ्यासमोर उभं राहिलं. पोरांच्या अंगी लागणारं जे काही होतं, त्यातलं बहुतेक त्या एका पळीतून येत होतं. घरी पेज, इथं डाळ. आणि आया घरातली घट्ट डाळ कामावर जाणाऱ्या माणसाला वाढत होत्या, कारण पोरांचं दुपारी झालंय हे त्यांना माहीत होतं. पळी गेली की नुसती पळी जाणार नव्हती, सगळी वाटणीच कोसळणार होती.

साहेबानं आकडे बघितले. ह्या वेळी त्यानं अंडीसुद्धा बघितली. “आता पडताळणी,” तो म्हणाला.

पडताळणीला डॉक्टरीणबाई आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या, स्वतःचा काटा स्वतःच्या पिशवीत. त्यांनी एके दिवशी सकाळी काटेमावशीला सोबत घेतलं, पण कुठं जायचं ते सांगितलं नाही. गल्लीत शिरल्या, सरळ चालत राहिल्या, आणि थांबल्या त्या इस्त्रीवालीच्या दारात.

काटेमावशीच्या नाकात वास गेला आणि ती उंबऱ्यातच अडली.

आतून कोंबडी शिजल्याचा वास येत होता. साधासुधा नाही, गल्लीभर दरवळणारा. नशिबाची थट्टा बघा. वर्षाच्या एवढ्या सकाळी पडल्या होत्या, आणि नेमक्या ह्याच सकाळी खाणावळीच्या मालकानं चादरींचा डोंगर वेळेत इस्त्री करून दिला म्हणून खुशीनं अख्खी कोंबडी पाठवून दिली होती. ह्या वेळी कुणी काही फिरवलं नव्हतं. पातेलं खरं होतं, कोंबडी खरी होती, आणि ते खरंच आता खोटं बोलणार होतं.

दारात डॉक्टरीणबाई बघून इस्त्रीवालीचा चेहरा पांढरा पडला. तिची नजर पातेल्यावर गेली, मग मागच्या दारावर गेली. मागचं दार उघडंच होतं, आणि पलीकडं गवंड्याची बायको हात पुढं करून तयार उभी होती. एका पावलाचं काम.

इस्त्रीवाली उठली. मागचं दार तिनं गवंड्याच्या बायकोच्या तोंडावर लावून घेतलं, आणि परत येऊन पातेल्यावरचं झाकण स्वतःच्या हातानं बाजूला ठेवलं.

“मोजा, बाई. कोंबडी आहे. आजच आहे. खाणावळवाल्यानं दिली. मागच्या खेपेला आम्ही नसलेलं दाखवलं, आता असलेलं लपवू कशाला? लिहा काय लिहायचं ते.”

डॉक्टरीणबाईंनी मोजलं. बसून राहिल्या. ताटं वाढली गेली, त्यांनी एकेक मोजलं. इस्त्रीवालीची धाकटी, जेमतेम चार वर्षांची, ताटलीसमोर बसली होती. तिच्या वाट्याला पायाचा तुकडा आला होता. तिनं तो उलटा केला, सुलटा केला, चाटून बघितला. मग आईकडं बघून विचारलं, “आई, हे मधलं टणक पण गिळायचं?”

“ते हाड आहे गं. ते टाकायचं.”

“सगळं?” पोरीचा विश्वास बसेना. एवढी मोठी वस्तू ताटात आल्यावर टाकायची कशी?

डॉक्टरीणबाईंनी काट्यावरून मान वर केली. “बाळ, काल काय खाल्लंस?”

“पेज.”

“आणि दुपारी?”

“दुपारी पातेल्यातलं. काल अंडं होतं.” मग फुशारकीनं म्हणाली, “अंड्यात टणक नसतं. मला येतं खायला.”

डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या. लेखणी बंद करत म्हणाल्या, “एका दिवसावर मी काही ठरवत नाही. परत यावं लागेल. कधी ते सांगणार नाही.”

“नकाच सांगू,” इस्त्रीवाली म्हणाली. तिचा रंग परत आला होता. “पण आता आलात तशा चार घास खाऊन जा. कोंबडी काय रोज असते का?”

डॉक्टरीणबाई नको म्हणायच्या आत ताटली समोर आलीसुद्धा. त्यांनी हात पुढं केला, तेवढ्यात काटेमावशीनं ती ताटली उचलून आपल्या काट्यावर ठेवली.

“अहो मावशी!”

“पाहुण्याचं वेगळं लिहायचं असतं, बाई. नाही तर हिच्या घरच्यांच्या नावावर चढेल.”

“बरोबर आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मोजून झाल्यावर निमूट जेवल्या.

त्या परत आल्या तेव्हा काटेमावशीलाही कळलं नाही. एकट्याच आल्या, इस्त्रीवालीच्या चुलीपाशी बसल्या, आणि तिथून उठून वाटेल तशा आणखी दोन घरांत शिरल्या. पेज, पाणीदार डाळ, कांदा. त्यांचा काटा आणि मावशीचा काटा, आकड्याला आकडा भिडला.

बैठकीच्या दिवशी गल्लीतल्या सगळ्याजणी कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन बसल्या. चांभारणीनं येताना शिवायचे जोडेही आणले होते. आतून आवाज यायचे, मधेच थांबायचे. कुणीतरी विचारलं, “मग पहिली मोजणी काय होती?” त्यावर साहेब काहीतरी बोलला आणि आतले सगळे हसले. बाहेर बायकांना कळलं, डाळीची गोष्ट सांगून झाली.

दार उघडून साहेब आला. त्यानं चेहरा गंभीर ठेवायचा फार प्रयत्न केला, पण तो असल्या कामाला बनलेला नव्हता. “राहिलं,” तो म्हणाला. “पातेलं राहिलं. आणि पळी मोठी झाली. अंडं आता एक दिवसाआड.”

इस्त्रीवालीनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून पलीकडच्या खोलीतल्या कारकुनाच्या हातातला चहा सांडला. चांभारणीनं हातातला जोडा बाकावर आपटायला सुरुवात केली, गवंड्याच्या बायकोनं डबा वाजवायला घेतला. शिपाई धावत आला तर त्यालाच मधे ओढून त्याच्याभोवती फेर धरला. तो बिचारा “कचेरी आहे, कचेरी आहे” म्हणत गोल फिरत राहिला.

गल्लीत परतल्यावर तर कहरच. धान्याच्या दुकानासमोर पोती मोजायचा मोठा काटा होता. बायकांनी काटेमावशीला दोन्हीकडून धरली आणि त्यावर नेऊन बसवली. “जगाला मोजलंस ना, आता बस तू!” काटेमावशी हातपाय झाडत ओरडत होती, “अगं सोडा, दुकानदाराचा काटा मोडेल!” दुकानदार म्हणाला, “मोडू द्या, मावशी, एवढं वजन ह्या गल्लीच्या नशिबात पहिल्यांदाच आलंय.” आकडा बघायला सगळ्या वाकल्या, तेव्हा मावशीनं त्यावर तळहात दाबून धरला. तो आकडा गल्लीला अजून माहीत नाही. त्यावर पैजा लागलेल्या आहेत.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरली होती, ती साहेबानं जाता जाता सांगितली. इथून पुढं सगळीकडंच न सांगता जायचं, आणि घराबरोबर प्रत्येकाचं ताटही मोजायचं, रांधणाऱ्या बाईचंसुद्धा ताटात वाढून. “तुमच्या पद्धतीनं,” तो म्हणाला. “माझ्या कसल्या,” काटेमावशी म्हणाली, “इस्त्रीवालीच्या पद्धतीनं.” हे बोलताना तिला आपल्या मोठेपणाचं एवढं कौतुक वाटलं की ते तिनं घरी सासूबाईंना दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीही सासूबाईंसमोर बसून तिला पोटभर जेवायला लागलं. सासूबाई ताटाकडं असं बघत होत्या की एक शीत मागं ठेवायची सोय नव्हती. मग तिनं पिशवीत वाट्या भरल्या, काटा भरला, आणि नदीपलीकडच्या वस्तीकडं निघाली. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. एका अर्धवट लोटलेल्या दारातून धूर येत होता. ती थांबली. सवयीनं खाकरणार होती, ते गिळलं आणि दार ढकललं.

“कोण गं बाई तू?” चुलीपाशी बसलेली बाई दचकून वळली आणि तिचा हात आपोआप झाकणाकडं गेला.

“अगं, राहू दे ते झाकण,” काटेमावशी खाली बसत म्हणाली. “धाकट्याची ताटली कुठली, ते दाखव आधी.”